मापवालीची वीत

चटईचं माप घ्यायच्या दिवशी म्हातारी सकाळपासून कुणाशी बोलत नसे. चहा समोर ठेवला तरी नुसती मान हलवायची. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं, आणि गल्ली तिला मापवालीच म्हणायची. घरात बसून लव्हाळ्याच्या चटया विणणाऱ्या बायका त्या गल्लीत अजून सहा-सात उरल्या होत्या, पण मोठी चटई निघाली की माप घ्यायला हिलाच बोलावणं यायचं. टेपची भानगड नाही. जमिनीवर हात पसरायचा, अंगठा ते करंगळी, आणि सुरवंटासारखा तो हात पुढे सरकत जायचा. चार विती म्हणजे तीन फूट, यात इंचाचाही फरक पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशीही तसंच झालं. अंगणाच्या दोन टोकांना खुंट्या ठोकून झाल्या होत्या, त्यांना दोन वासे बांधायचे होते, आणि वाशांमध्ये सुतळीचा ताणा ताणायचा होता. सून एका टोकाला सुतळीचं बंडल धरून उकिडवी बसली होती. म्हातारी पदर खोचून वाकली आणि हात टाकत निघाली. ओठ हलत होते, आवाज नाही. चोवीस फुटांच्या बत्तीस विती, वर दोन वाळणीच्या, कारण ओला लव्हाळा वाळताना आकसतो. शेवटची वीत पडली तिथं तिनं बोटानं मातीत रेघ ओढली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ठोक खुंटी."

सुनेनं ठोकली. तिथं खुंटी बसली म्हणजे चटईची लांबी ठरली. मग त्या लांबीत मागाहून काही बदलता येत नाही.

यंदा या एका चटईवर बरंच काही अडलं होतं. तळं निम्म्यानं आटलं होतं. पाणी मागं गेलं तसा काठचा लव्हाळाही करपत मागं गेला, आणि जो उरला तो अगदी विरळ होता. त्यात तळ्याचा काठ मासेवाल्या ठेकेदाराला मिळणार अशी बातमी होती. तो आला की तारेचं कुंपण घालणार. बायकांनी पंधरा दिवस चिखलात उभं राहून मिळेल तेवढा लव्हाळा कापून आणला. सगळ्यांचा मिळून जेमतेम एका मोठ्या चटईपुरता भरला.

ती चटई हस्तकला जपणाऱ्या एका संस्थेच्या मॅडमनी सांगितली होती. नव्या सभागृहातल्या व्यासपीठावर अंथरायची, चोवीस फूट बाय सहा. मॅडम गल्लीत आल्या तेव्हा स्वच्छ बोलल्या होत्या, "ही चटई तिथं नीट बसली ना, तर बाकीच्या खोल्यांच्याही तुम्हालाच. आणि ती दाखवूनच मी काठाचा एक तुकडा लव्हाळ्यासाठी राखून मागणार आहे. हातात काही असल्याशिवाय वरचे लोक ऐकत नाहीत हो." जाताना त्यांनी सुनेच्या हातात एक टेप दिला होता. म्हातारीनं तो घेऊन खिळ्याला टांगला. "पट्टीला ओलं-सुकं कळत नाही," ती म्हणाली आणि विषय संपला.

सुनेच्या दृष्टीनं तर प्रश्न अगदी सरळ होता. चटई बसली तर तिला घरात मागावर बसता येणार होतं. नाही बसली तर फळं धुण्याची शेड. तिचा नवरा टेम्पोवर हमाली करायचा, त्यानंच मुकादमाशी बोलून ठेवलं होतं. बर्फासारख्या पाण्यात आठ तास उभं राहायचं. आधी गेलेल्या दोघींची बोटं तिनं पाहिली होती, त्यांना आता सुतळीची गाठ सुटत नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला चटई विणायला आवडायचं. तेरा वर्षं झाली होती तिला या घरात येऊन, त्यातली बारा तिनं फणी मारण्यात घालवली होती. कधीतरी मापही आपल्या हातात येईल या आशेवर ती होती.

काम सुरू झालं. ताण्यावर आडवी फळी टाकून दोघी तिच्यावर उकिडव्या बसायच्या. म्हातारी लांब काठीच्या खाचेत ओली काडी अडकवून या कडेपासून त्या कडेपर्यंत सारायची, सून भोकं पाडलेली जड लाकडी फणी उचलून ती काडी आधीच्या काडीला घट्ट ठोकायची. सार, ठोक. सार, ठोक. कोरडं वारं सुटलेलं, त्यात काड्या हातातल्या हातात कडक व्हायच्या, म्हणून दर थोड्या वेळानं ओलं गोणपाट फिरवायचं. दुपारपर्यंत गुडघ्यांच्या वाट्या पेटायच्या. उठताना म्हातारी आधी दोन्ही हात जमिनीवर टेकायची, मग ढुंगण वर, मग बाकीची म्हातारी. शेजारीण हे बघून हसायची. तिला गल्लीत रेडिओ म्हणत, कारण तिला बंद करायचं बटण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर रेडिओच एक जुनी चटई काखेत मारून आली. लेकीला द्यायची होती, तिच्या पलंगावर बसेल की नाही ते बघायचं होतं.

"मोजून दे गं जरा. तुझ्याच हाताखालची आहे, आठ वितींची."

म्हातारीनं हात टाकला. सहा, सात, आठ. चटई अजून शिल्लक होती. तिनं नववी वीत टाकली, ती जवळजवळ पुरी पडली.

"नऊ," म्हातारी म्हणाली.

"वाढली की काय माझी चटई!" रेडिओ खिदळली. "बाई, खत घातलंस वाटतं तिला."

"तुलाच आठवत नसेल. नऊच असणार."

रेडिओ हसत निघून गेली. सुनेला मात्र हसू आलं नाही. ती म्हातारीच्या हाताकडे बघत होती. इतकी वर्षं तो हात रोज समोर होता आणि तिनं तो पाहिलाच नव्हता. पेरं सुजून आल्यासारखी झाली होती. अंगठा बाहेर जायचा तिथं अडायचा. करंगळी आत वळली होती, ताणली तरी सरळ होत नव्हती. म्हातारी पूर्ण हात पसरला असं समजत होती, आणि तो पसरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आंघोळीला गेली तेव्हा सुनेनं खिळ्याचा टेप काढला. चौथीपर्यंतची शाळा झाली होती, आकडे वाचता येत होते. या वाशापासून त्या वाशापर्यंत तिनं टेप धरला. साडेपंचवीस फूट यायला हवे होते. पावणेतेवीसही भरले नाहीत. तिनं पुन्हा धरला. मोरीतून तांब्याचा आवाज थांबला तसा तिनं टेप गुंडाळून खिळ्याला लावला आणि फणीपाशी येऊन बसली.

चौथ्या दिवशी विणून झालं होतं ते सात वितींच्या आसपास. तेवढं उसवायचं, वासा सोडवायचा, सुतळी बदलून नवा ताणा घालायचा. दोन दिवस गेले असते, चार काड्या मोडल्या असत्या, पण चटई झाली असती. बोलायला हवं होतं ते आज. हे तिला स्वच्छ कळत होतं.

पण माप हे ज्येष्ठ बाईचं. ती असेतो दुसरीनं मापावर हात टाकायचा नाही, बोट दाखवायचं नाही, हा त्या गल्लीतला रिवाज होता आणि तो कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं. सुनेनं एकदा मोडायला जाऊन बघितलं होतं. लग्नाला दुसरं वर्ष होतं. "आई, एक वीत कमी धरली का?" एवढंच ती म्हणाली होती, तेही दबकत. आणि खरंच एक वीत कमी होती. म्हातारीनं हातातली काठी खाली ठेवली, उठली, कमी पडलेली वीत धरून खुंटी बदलली, आणि पुढं नऊ दिवस सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. रेडिओच्या घरी जाऊन जेवायची. गल्लीभर शोभा झाली. दहाव्या दिवशी आली आणि काही झालंच नाही अशा थाटात पानावर बसली. ते नऊ दिवस सुनेच्या मनात अजून तसेच होते.

तरी तिनं धीर केला. दुपारी काड्या भिजवताना म्हणाली, "आई, मी म्हणत होते... एवढी मोठी चटई आहे. एकदा त्या मॅडमचा टेप लावून बघू या का? उगीच आपलं."

म्हातारीनं मान वर केली नाही. "का? माझा हात मोजायला निघालीस?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

म्हातारीनं काडी सारली. सुनेनं फणी ठोकली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. तो दारात बसून पायाला लागलेलं ग्रीस पुसत होता. तिनं सगळं सांगितलं, टेपचं, करंगळीचं, पावणेतेवीस फुटांचं.

"मग सांग तिला," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा. तुमची आई आहे."

"मला नको घालूस बायकांच्या मापात. माझ्या बापाची तिच्यापुढं बोलायची टाप नव्हती." तो थोडा वेळ घोटा घासत राहिला. "आणि शेडमधली जागा आहेच की. मुकादम महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय."

ती आत गेली आणि भांडी आपटत घासली. त्या रात्री तिनं मनाशी ठरवलं की सकाळी सांगायचंच. सकाळी म्हातारी उठली, तळव्यांना तेल लावून चोळत बसली आणि स्वतःशीच हसून म्हणाली, "ही चटई झाली ना, की मेले तरी चालेल." सून गोणपाट भिजवायला उठली. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. उद्यापर्यंत दोन विती आणखी वाढल्या, आणि उसवायचं काम तेवढंच जड झालं.

सातव्या दिवशी मॅडम आल्या. बरोबर कॅमेरावाला होता. त्याला अंगण आवडलं, फणी आवडली, म्हातारीचे पाय आवडले. त्यानं म्हातारीला माप घेऊन दाखवायला सांगितलं. विणलेल्या भागावरून तिनं हात टाकला. कॅमेरावाला जमिनीवर पालथा झोपून अगदी जवळून त्या हाताचं चित्र घेत होता.

"बघा," मॅडम कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "यांना टेपची गरजच नाही. हे ज्ञान या हातात आहे. हेच जपायचंय आपल्याला."

म्हातारी लाजली. तिला लाजताना सुनेनं पहिल्यांदाच पाहिलं. मॅडम सुनेकडे वळल्या. "आणि तुम्हाला येतं का माप?"

कॅमेरा तिच्या तोंडासमोर होता. म्हातारी बघत होती. आत्ता बोललं तर सगळ्या जगापुढं बोलल्यासारखं होतं.

"नाही," ती म्हणाली. "ते आईंचं काम."

"आधी फणी नीट मारू दे तिला," म्हातारी म्हणाली, आणि सगळे हसले. सूनही हसली. त्या हसण्याची तिला पुढं फार दिवस लाज वाटली.

त्यानंतर तिनं सांगायचा विचार सोडला. उसवायला लव्हाळा सोसला नसता, अशी तिनं मनाची समजूत घातली. कदाचित आपणच टेप चुकीचा धरला. कदाचित व्यासपीठच लहान असेल. म्हातारी थकत चालली होती. दुपारी काडी सारताना मध्येच थांबायची, हात मांडीवर ठेवून बोटं एकेक दाबायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की पुन्हा काठी उचलायची. सून बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. फणी मात्र इतक्या जोरानं मारायची की तळहाताला फोड आले. वीण अशी घट्ट बसली होती की रेडिओसुद्धा हात फिरवून दोन क्षण गप्प झाली. गेल्या दहा वर्षांत या घरातून अशी चटई निघाली नव्हती, हे अगदी खरं होतं.

सतराव्या दिवशी कडा बांधून झाली. चटई चार दिवस सावलीत वाळली आणि दीड-दोन वितींनी आकसली, जशी आकसायची तशीच. नवऱ्यानं ती गुंडाळी टेम्पोत टाकली. म्हातारीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

सभागृह नवं कोरं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. खुर्च्यांच्या रांगा, मागं पंखे, पुढं व्यासपीठ. दोन माणसांनी गुंडाळी एका कडेला ठेवली आणि पायानं ढकलत उलगडत नेली. सून भिंतीला टेकून उभी होती. चटई उलगडत गेली, उलगडत गेली, आणि संपली. पुढं व्यासपीठाची फरशी उघडी राहिली. चांगली दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढी.

मग एकानं टेप काढला. "पावणेतीन फूट कमी आहे, मॅडम."

"एका बाजूला सरकवून बघा," मॅडम म्हणाल्या. सरकवल्यावर दुसरी बाजू उघडी पडली. मधोमध ठेवली तर दोन्हीकडून लांडी दिसली. दुसरी विणायला किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं.

"लव्हाळा नाही," म्हातारी म्हणाली. "पण कमी कशी? मी मोजलीय."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी म्हातारीला खुर्ची दिली, पाणी दिलं. चटई सुंदर आहे, वाया जाणार नाही, ती बाहेरच्या भिंतीवर लावू, खाली माहिती लिहू, असं म्हणाल्या. व्यासपीठावर उद्घाटनासाठी तात्पुरता कारखान्याचा गालिचा टाकतील. बाकीच्या खोल्यांचं नंतर बघू. काठाच्या तुकड्याचं मात्र आता कठीण आहे, कारण दाखवायला हातात काही नाही. हे शेवटचं त्या सुनेकडे बघत, हळू आवाजात बोलल्या.

म्हातारीचं लक्ष त्या टेपकडे होतं. "ती पट्टी द्या इकडे," ती म्हणाली. तिनं टेप व्यासपीठाच्या कडेवर सरळ पसरला, त्याच्या सुरुवातीला अंगठा टेकवला आणि हात ताणला. ताणताना तिचा ओठ दाताखाली गेला. करंगळी कशीबशी टेकली.

"इकडे ये," ती सुनेला म्हणाली. "काय आकडा आहे तो? वाच."

सून जवळ गेली. वाकून बघायची तिला गरज पडली नाही.

"आठ."

"आणि किती पाहिजे?"

"नऊ."

म्हातारीनं हात तसाच ठेवून मान वळवली. सुनेच्या तोंडाकडे ती बराच वेळ बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता.

"कधी कळलं तुला?"

"आई..."

"कधी?"

"रेडिओ आली होती त्या दिवशी. तिसऱ्या."

म्हातारीनं हात उचलला. लुगड्याच्या पदराखाली नेऊन दुसऱ्या हातानं झाकून धरला. मग ती टेम्पोत जाऊन बसली.

घरी येईपर्यंत ती गप्प होती. सुनेला वाटलं, आता नऊ दिवस. आता महिनाही जाईल, आणि जावाच. तिनं जेवण वाढलं आणि ताट म्हातारीसमोर न ठेवता थोड्या अंतरावर ठेवलं, म्हणजे तिला ढकलायचा त्रास नको. म्हातारी सरकून ताटाशी आली. भात कालवला. बोटांतून शितं निसटत होती, तरी ती सावकाश जेवत राहिली. नवरा दोघींकडे आळीपाळीनं बघत लवकर जेवून उठून गेला.

"तुम्ही रागावला असता," सून म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "मागच्या वेळी तुम्ही नऊ दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. मला पुन्हा तसं... मी भ्यायले हो."

"रागावले असते," म्हातारी म्हणाली. "नऊ काय, वीस दिवस जेवले नसते. तुला नाही नाही ते बोलले असते, गल्लीभर तुझी नालस्ती केली असती." तिनं घास तोंडात घातला, चावून गिळला. "पण मागच्या वेळी मी आधी खुंटी बदलली होती, आणि मग रुसले होते. ते तुझ्या ध्यानात नाही राहिलं?"

सुनेनं तिच्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या सरकवला.

"रुसलेली माणसं परत येतात गं जेवायला," म्हातारी म्हणाली, आणि ताटात हात धुतला.

सोमवारी सकाळी साडेसहाला शेडची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. सून रबरी चपला घालून निघाली. अंगणात म्हातारी खुंट्या उपटत बसली होती. एक निघत नव्हती. ती दोन्ही हातांनी धरून हलवत होती आणि हात सुटत होते. सून मदतीला वळली तशी म्हातारी म्हणाली, "जा तू, गाडी सुटेल." सुनेनं तरी खाली बसून ती खुंटी हिसकून काढली, तिच्या जवळ ठेवली आणि धावत सुटली.